आबांच्या युद्धकैदेचे कागद

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत साधे शिपाई होते आणि जवळपास तीन वर्षं शत्रूच्या कैदेत होते. आमच्या घरात हे एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. कुठं पकडले, कुणी पकडले, कोणत्या देशात ठेवले, सुटले कसे, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. आबा 1979 साली गेले, आजी त्यांच्या मागोमाग. आण्णा, म्हणजे माझे वडील, युद्धानंतर जन्मलेले. त्यामुळे त्या काळाची आठवण असलेली एकच व्यक्ती घरात उरली होती, माझी थोरली आत्या. जून 2022 मध्ये तिने ब्याऐंशीव्या वर्षी मला सरळ विचारलं, "पोरी, तू एवढी शिकलीस, माझा बाप कुठं होता तेवढं शोधून दे की."

ते शोधायला दीड वर्ष लागलं. आमच्या खानापूर तालुक्यात, तासगाव-वाळव्यात, पाटण-कोरेगावात, खाली कोकणात अशी शेकडो घरं आहेत. भिंतीवर टोपी घातलेल्या माणसाचा फोटो आहे आणि त्यापलीकडे काही माहिती नाही. अधिकाऱ्याचं नाव पुस्तकात सापडतं, शिपायाचं सापडत नाही. पण शिपायाचाही कागद असतो. तो तीन-चार ठिकाणी तुकड्यातुकड्याने पडलेला असतो आणि प्रत्येक ठिकाणी फक्त एकच तुकडा मिळतो. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर बराच धीर आला असता, म्हणून सगळं तारीखवार लिहिते आहे.

घरातली ट्रंक

सुरुवात घरातूनच करायची असते. आजीची पत्र्याची ट्रंक आण्णांच्या खोलीत माळ्यावर होती. आत तिची दोन लुगडी, रेशनकार्डं, बैल विकल्याच्या पावत्या, आणि तळाशी एका जुन्या पंचांगात दोन गोष्टी होत्या. एक सहा टोकांची पितळी रंगाची चांदणी, वाळूच्या रंगाच्या फितीला टांगलेली. फितीच्या मध्ये लाल पट्टा, एका बाजूला गडद निळी आणि दुसऱ्या बाजूला फिकट निळी बारीक रेघ. हे आफ्रिका स्टार नावाचं पदक. वाळवंटाचा रंग, भूदलाचा लाल, आणि आरमार व हवाई दलाच्या दोन निळ्या रेघा. आजी ते दसऱ्याला शस्त्रांबरोबर पुजायची, एवढं आण्णांना आठवत होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे एक कार्ड. पोस्टकार्डाएवढं, पिवळं पडलेलं, घडीवर फाटत आलेलं. वर इटालियन भाषेत छापलेला मजकूर, सेन्सॉरचा गोल शिक्का, आणि जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने मराठीत चार ओळी. अक्षर आबांचं नव्हतं, कारण आबांना सहीपुरतं लिहिता यायचं. कुणा शिकलेल्या सोबत्याकडून लिहवून घेतलं असणार. "मी खुशाल आहे. काळजी करू नये. बाळीला सांभाळावे. आईस दंडवत." बाळी म्हणजे आत्या. पाठीमागे रोमन अक्षरांत नाव, हुद्दा आणि त्यापुढे एक नंबर.

हा नंबर म्हणजे सगळ्याची किल्ली. त्या काळच्या कारकुनांनी एकच मराठी नाव चार प्रकारे लिहिलेलं असतं आणि एका पलटणीत त्याच नावाचे दहा जण असतात, पण नंबर एकाचाच असतो. म्हणून घरात काहीही सापडलं, कार्ड, डिस्चार्ज बुक, मनीऑर्डरीची पावती, तर आधी त्यावरचा नंबर शोधा. कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि मगच घडी परत घाला. लॅमिनेशन करू नका, जुना कागद त्याने कायमचा जातो.

नंबर नसेल तर नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा एवढं तरी लागतं. इथे आमच्या भागातल्यांनी एक लक्षात ठेवायला हवं. सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. 1949 साली साताऱ्याचे दोन भाग झाले, दक्षिण सातारा वेगळा झाला, आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे 1939 साली भरती झालेला खानापूर, तासगाव, वाळवा किंवा शिराळ्याचा माणूस लष्कराच्या नोंदीत सातारा जिल्ह्याचाच असणार. औंध, मिरज, जत, फलटण ही संस्थानं होती, तर तिथल्या गावांपुढे संस्थानाचं नाव असू शकतं. मी प्रत्येक अर्जात "तत्कालीन जिल्हा सातारा, सध्या सांगली" असं लिहायची.

अर्ज

पहिलं पत्र जुलै 2022 मध्ये एका सरकारी कार्यालयात नेऊन दिलं. तिथून ते पुढे पाठवतील असं सांगण्यात आलं. आवक क्रमांक मागून घेतला. दीड महिन्याने विचारायला गेले तेव्हा पत्र पुढे गेलेलंच नव्हतं आणि कुठे आहे ते कुणी सांगू शकत नव्हतं. आत्याला हे सांगताना फार जड गेलं. ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून फोन करून रोज विचारायचं तिने थांबवलं, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

मग ऑगस्टअखेर माहिती अधिकाराखाली ऑनलाइन अर्ज केला. शुल्क 10 रुपये. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला तरी कलम 6(3) प्रमाणे त्यांनाच तो योग्य कार्यालयाकडे पाठवावा लागतो, ही यातली मोठी सोय. आबांची पलटण मराठा लाइट इन्फंट्री, तिचं केंद्र बेळगावला, आणि शिपायांच्या नोंदी ज्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात. त्यासाठी बेळगावला जाण्याची गरज पडत नाही.

अर्जात काय मागायचं याला फार महत्त्व आहे. "माझ्या आजोबांची सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं तर हाती काही लागत नाही. मी तीनच गोष्टी मागितल्या. अमुक नंबरच्या शिपायाची लाँग रोलमधली, म्हणजे पलटणीच्या नामावलीतली नोंद. त्याचा शीट रोल जपलेला आहे का, आणि नष्ट केला असेल तर कोणत्या नियमाने. त्याला मंजूर झालेल्या पदकांची नोंद. सोबत आबांचा मृत्यूचा दाखला, आत्याचं आधारकार्ड, आणि ती त्यांची मुलगी असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. स्टँप पेपर, टायपिंग आणि नोटरी मिळून पाचशेच्या आत खर्च झाला. अर्ज मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने केलेला बरा, दुसऱ्याची खासगी माहिती मागता असा आक्षेप मग येत नाही. आत्याने विट्याला जाऊन नोटरीपुढे सही केली. वाटेत गाडीत एकदम म्हणाली, "आबांनी पण सहीच केली आसंल न्हवं, भरतीला?" हो म्हटलं, आणि त्यांची ती सही कुठंतरी असेल या विचाराने आम्ही दोघीही गप्प झालो.

उत्तर मुदतीत आलं, टपालाने. शीट रोल नाही. शीट रोल म्हणजे शिपायाच्या नोकरीचा पूर्ण कागद, त्यात सही-अंगठा, उंची, बदल्या, रजा, शिक्षा सगळं असतं. पेन्शन न मिळालेल्या सैनिकांचे हे कागद सैन्यातून सुटल्यानंतर 25 वर्षांनी नष्ट करायचे असा सैन्याचा नियम आहे. आबांची नोकरी सात वर्षांची, म्हणजे पेन्शन नाही, म्हणजे कागद कधीच गेलेले. हे वाचून पोटात खड्डा पडला. पण लाँग रोल मात्र जपून ठेवतात. त्याची प्रत जोडलेली होती.

एक ओळ. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा सातारा. भरती 1939. सुटी 1946, कारण लढाई संपल्यावरची सैन्यकपात. बटालियन 2/5, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन. आणि शेवटच्या रकान्यात युद्धकैदी असल्याची नोंद. मी ती ओळ आत्याला फोनवर पुन्हा पुन्हा वाचून दाखवली.

तोब्रुक

बटालियन कळली की पुढचं वाचता येतं. ही दुसरी बटालियन म्हणजे जुन्या लोकांची "काळी पाचवीन". जून 1942 मध्ये ती उत्तर आफ्रिकेत, लिबियाच्या किनाऱ्यावरच्या तोब्रुक बंदरात होती, अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये. सोबत सातव्या गुरखा रायफल्सची दुसरी बटालियन आणि स्कॉटलंडचे कॅमेरॉन हायलँडर्स.

इथे मला थोडं थांबायचं आहे. आमच्या गावात आबांविषयी एक वाक्य चालायचं. हात वर करून आला म्हणायचे. भांडण झालं, बांधावरून वाद झाला की कुणीतरी ते बोलायचंच. आबांनी त्याला कधी उत्तर दिलं नाही. म्हणून त्या दिवशी काय घडलं ते मी जमेल तितकं वाचलं.

तोब्रुकने 1941 मध्ये आठ महिने वेढा सोसला होता. पण 1942 च्या उन्हाळ्यात तिथली तटबंदी तशी राहिली नव्हती. रणगाडे अडवणारा चर जागोजागी वाळूने भरत आला होता, पूर्वी पेरलेले सुरुंग बरेचसे दुसरीकडे नेलेले होते. मेच्या शेवटी सुरू झालेल्या गझालाच्या लढाईत जर्मन सेनापती रोमेलने ब्रिटिशांची फळी मोडली आणि तो तोब्रुकवर वळला. 20 जूनला पहाटे साडेपाचच्या आत विमानांचे हल्ले सुरू झाले. आग्नेयेकडच्या तटबंदीचा एक छोटासा तुकडा त्यांनी निवडला होता, आणि त्या तुकड्यावर उभी होती मराठ्यांची दुसरी बटालियन. विमानं, मग तोफा, मग चर बुजवत येणारे इंजिनियर, आणि त्यांच्या मागून रणगाडे. सकाळ संपायच्या आत फळी फुटली. संध्याकाळी जर्मन बंदरात होते. दुसऱ्या दिवशी, 21 जूनला, किल्ल्याचे सेनापती जनरल क्लॉपर यांनी शरणागती दिली. साधारण 33,000 माणसं कैद झाली.

रणगाड्यापुढे रायफल घेऊन खंदकात बसलेल्या, सहीपुरतं लिहिता येणाऱ्या शिपायाला शरण जायचं की नाही हे कुणी विचारत नाही. आबा हात वर करून आले असतीलही. पण सगळ्या तोब्रुकावरचा पहिला घाव ज्या तुकड्याने अंगावर घेतला, त्यात ते होते. हे मी आण्णांना सांगितलं तेव्हा ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ गोठ्याजवळ उभे राहिले.

याच काळात राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावरची यादीही पाहिली. ती विनामूल्य आहे आणि मेलेल्यांचीच आहे, त्यामुळे आबा तिथे नव्हते. पण पलटणीचं नाव आणि जून 1942 घालून शोधलं की इजिप्तमधल्या अलामीन स्मारकावर कोरलेली नावं येतात, ज्यांना कबर किंवा चिता मिळाली नाही अशांची. काही नावांपुढे बापाचं नाव आणि गाव आहे. आमच्या आसपासच्या गावांची नावं त्या यादीत दिसली आणि मला पुढे वाचवेना. तुमच्या घरातला माणूस परत आलेला नसेल, तर शोध इथूनच सुरू करा. अर्ज लागत नाही, वाट पाहावी लागत नाही.

घरी काय चाललं होतं

आत्या तेव्हा दोन वर्षांची. तिला जे माहीत आहे ते आजीने सांगितलेलं. आधी बेपत्ता असल्याचा कागद आला. तो वाचून दाखवायला मास्तर घरी आले आणि पणजीने चूल विझवली. ऑगस्ट 1942 लागला, चले जावचं आंदोलन पेटलं, आमच्या भागात तारा तोडल्या, कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. टपालाचा भरवसा राहिला नाही. मनीऑर्डर मध्येच थांबली, काही महिन्यांनी परत सुरू झाली. मग ते इटालियन छापाचं कार्ड आलं आणि आबा जिवंत आहेत हे कळलं.

त्यानंतरची तीन वर्षं म्हणजे साताऱ्यात प्रतिसरकारची वर्षं. गावातली तरणी पोरं भूमिगत, आणि त्याच गावात आजीला इंग्रजांच्या शिपायाची बायको म्हणून मनीऑर्डर यायची. आजी सांगायची की रात्री भाकरी न्यायला येणाऱ्या पोरांनी तिला कधी वावगा शब्द बोलला नाही. एकाने उलट विचारलं होतं, "वहिनी, दादांचं पत्र आलं का?" मला हे लिहून ठेवायचं होतं, कारण पुढे आयुष्यभर आबांना टोचणारे लोक वेगळे होते.

जिनिव्हा

युद्धकैद्यांची खरी नोंद जिनिव्हाला आहे. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने दोन्ही महायुद्धांत युद्धकैद्यांसाठी मध्यवर्ती संस्था चालवली. कैद करणारं सरकार याद्या पाठवायचं आणि प्रत्येकाचं कार्ड तयार व्हायचं. पहिल्या महायुद्धाच्या नोंदी इंटरनेटवर पाहता येतात. दुसऱ्याच्या नाहीत, त्यासाठी रेडक्रॉसच्या अभिलेखागाराला विनंती करावी लागते.

विनंत्या ते वर्षभर घेत नाहीत. ठरावीक दिवशी अर्ज खुले होतात आणि ठरलेली संख्या भरली की बंद होतात. पुढची तारीख संकेतस्थळावर दिलेली असते. मी ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिली आणि 2023 च्या सुरुवातीला अर्ज भरला. माहिती इंग्रजीत आधीच लिहून ठेवली होती: नाव तीन वेगवेगळ्या रोमन स्पेलिंगमध्ये, बापाचं नाव, नंबर, हुद्दा, पलटण, कुठे आणि कधी पकडले गेले याचा अंदाज, आणि माझं नातं. लाँग रोलची प्रत आणि कार्डाचे फोटो जोडले. जन्मतारीख आमच्याकडे नव्हती, तिथे लाँग रोलवरून काढलेलं अंदाजे वर्ष घातलं. घरच्यांकडून त्यांनी पैसे घेतले नाहीत.

मग वाट पाहणं. पोच आल्यावर कितीतरी महिने काहीच नाही. पावसाळा गेला. आत्याला ऑगस्टमध्ये न्यूमोनिया झाला, आठवडाभर सांगलीला दवाखान्यात होती. मी रोज सकाळी उठल्या उठल्या ईमेल पाहायची आणि मग तिला भेटायला जायची. ती विचारायची नाही. मीच सांगायची, "अजून न्हाई आलं." उत्तर लवकर मिळावं म्हणून परत परत लिहू नका, कार्डं माणसांनी हाताने शोधलेली असतात. पण घरात म्हातारं माणूस वाट पाहत असेल तर अर्ज करायला उशीर करू नका.

नोव्हेंबर 2023 मध्ये पत्र आलं. एक पान. आधी इटलीच्या यादीतली नोंद: तोब्रुक, जून 1942, आणि इटलीतल्या आवेझ्झानोच्या छावणीचा क्रमांक 91. मग जर्मन यादीतली नोंद, 1944 ची: एपिनाल, फ्रान्स. मग जर्मनीतली एक छावणी. बस.

तोब्रुक जर्मनांनी जिंकलं, मग आबा इटलीत कसे, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर आफ्रिका ही इटलीची आघाडी मानली जायची, म्हणून तिथे पकडलेले कैदी इटलीच्या ताब्यात दिले जायचे आणि बेनगाझीहून बोटीने समुद्रापार जायचे. त्या बोटींवर कैदी आहेत हे ब्रिटिश पाणबुड्यांना कळायचं नाही. ऑगस्ट 1942 मध्ये नीनो बिक्सिओ या बोटीला अशाच एका पाणबुडीचे टॉर्पेडो लागले आणि आतले तीनशेहून जास्त कैदी मेले, त्यांत हिंदी शिपाईही होते. आबा कोणत्या बोटीने गेले ते पत्रात नाही.

आवेझ्झानो हे रोमच्या पूर्वेला डोंगरातलं गाव, तिथली छावणी हिंदी शिपायांची. कैद्यांना रेडक्रॉसमार्फत पार्सलं मिळायची आणि हिंदी शिपायांच्या पार्सलात आटा, डाळ, मसाला असायचा. आबांना भाकरीऐवजी चपाती कशी चालते असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "लढाईत सवय लागली." आम्हाला वाटायचं सैन्यातली सवय. 8 सप्टेंबर 1943 ला इटलीने शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर झालं. कित्येक कैदी छावण्यांतून बाहेर पडले, बाकीच्यांना जर्मनांनी ताब्यात घेऊन उत्तरेला नेलं. आबा त्या दुसऱ्या गटात.

एपिनाल हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. फ्रान्सच्या पूर्वेला, मोझेल नदीवरचं शहर. तिथे जर्मनांनी काही हजार हिंदी कैदी ठेवले होते. 11 मे 1944 ला अमेरिकन विमानांनी तिथे बाँब टाकले, काही थेट छावणीवर पडले. अनेक कैदी जागीच मेले. भिंती कोसळल्या आणि उरलेले त्या भगदाडांतून रानात पळाले. स्वित्झर्लंडची सरहद्द शंभरेक किलोमीटरवर. सुमारे पाचशे हिंदी शिपाई, अंगावर कैद्याचे कपडे, भाषा येत नाही, नकाशा नाही, तरी चालत त्या सरहद्दीपलीकडे पोचले. वाटेतल्या फ्रेंच गावांनी त्यांना खाऊ घातलं, लपवलं, वाट दाखवली. अशा मदतीची फार मोठी किंमत होती. त्याच भागातल्या एतोबों गावातल्या 39 पुरुषांना सप्टेंबर 1944 मध्ये जर्मनांनी गोळ्या घातल्या.

मी हे सगळं आत्याला वाचून दाखवत होते. ती मध्येच म्हणाली, "थांब. दुधाचं हाय का त्यात?"

कसलं दूध?

तेव्हा तिने सांगितलं. ती दहा-अकरा वर्षांची असताना आबा एकदा म्हशीची धार काढत होते. काढता काढता म्हणाले, भिंत पडली तेव्हा पळालो, तीन रात्री रानातनं चाललो, एका गोऱ्या म्हातारीनं गोठ्यात बसवून दूध दिलं, आणि दुसऱ्या दिवशी परत धरलं. एवढंच. पुढे त्यांनी कधी विषय काढला नाही आणि तिनेही विचारलं नाही. तिला ते स्वप्नात ऐकल्यासारखं वाटायचं, म्हणून ती कुणाला सांगत नव्हती. पत्रात दूध नाही. पण एपिनालच्या पुढची नोंद जर्मनीतल्या छावणीची आहे, म्हणजे सरहद्द ओलांडणाऱ्या पाचशेंत आबा नव्हते, परत पकडलेल्यांत होते. आत्याने जपलेली चार वाक्यं त्या एका पानात बरोबर बसली. त्या रात्री ती खूप बोलली. आबा 1945 च्या शेवटी घरी आले तेव्हा ती कणगीमागे लपली होती, दोन दिवस त्यांच्यासमोर आली नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला काही न बोलता शेतावर नेलं, हेही मला तेव्हाच कळलं.

लोक विचारतात ते

हे कळल्यावर पाहुण्यांत पहिला प्रश्न आला, आबा नेताजींच्या फौजेत गेले होते का? जर्मनीत हिंदी युद्धकैद्यांमधून आझाद हिंद सेना उभी राहिली, तिच्यात साधारण अडीच-तीन हजार माणसं होती, आणि सुभाषबाबू फेब्रुवारी 1943 मध्ये पाणबुडीने पूर्वेकडे निघाले. आबा तेव्हा इटलीत होते. युद्धानंतर परत आलेल्या कैद्यांची चौकशी होऊन पांढरे, करडे, काळे अशी वर्गवारी व्हायची; इंग्रजांशी एकनिष्ठ राहिलेले पांढरे, शत्रूच्या बाजूला मनापासून गेलेले काळे, मधले करडे. आबांना सैन्यकपातीत साधी सुटी मिळाली, लाँग रोलवर दुसरा शेरा नाही. यावरून ते त्या सेनेत नसावेत असं मी धरते. जे गेले त्यांनी देशासाठी केलं आणि जे गेले नाहीत त्यांनीही त्याच छावण्यांत तीच थंडी सोसली. एकाचं मोठेपण सांगायला दुसऱ्याला कमी लेखण्याची गरज मला वाटत नाही, आणि घरात कुणी तसं बोललं तर मी थांबवते.

दुसरा प्रश्न, यातून काही पैसे मिळतात का? दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा मदत देतं, त्याचं काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून चालतं. तुमच्या घरात असा सैनिक किंवा त्यांची पत्नी हयात असेल तर आधी तिकडे जा, बाकीचा इतिहास नंतर. आमच्याकडे दोघंही नव्हते.

आता एक काम बाकी आहे. बटालियनच्या युद्धदैनंदिन्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, मध्यपूर्वेतल्या सैन्याच्या दैनंदिन्या डब्ल्यूओ 169 या मालिकेत. दैनंदिनीत शिपायाचं नाव सहसा येत नाही, पण पलटण कुठल्या दिवशी कुठे होती ते कळतं. प्रतींचं शुल्क पानांवर ठरतं, म्हणून आधी अंदाज मागवला आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं "अभिलेख पटल" हे पोर्टलही चाळते आहे, तिथे नोंदणी मोफत आहे.

गावातल्या आणखी दोन घरांनी त्यांचे कागद माझ्याकडे आणून दिले आहेत. एकाकडे डिस्चार्ज बुक आहे, नंबर स्वच्छ वाचता येतो, त्यांचा माहिती अधिकाराचा अर्ज मागच्या आठवड्यात गेला. दुसऱ्याकडे फक्त फोटो आहे. तो फ्रेममधून जपून काढला, मागे स्टुडिओचा शिक्का आहे आणि टोपीवरचा बिल्ला भिंगाखाली दिसतो. त्यावरून पलटण ओळखता येते का ते पाहतो आहोत.